१६५ हर्ट्झ, व्हीआरआर चालू, चित्र फाटत नाई, तरी माऊस जड काहून?

बोंडअळी

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहून राहिलो. कापसाचे चुकारे झाले तसा मोठ्या भावानं मॉनिटर घेऊन देल्ला. २४ इंची आयपीएस, १६५ हर्ट्झ (सेकंदाले १६५ खेपा पडदा रंगवते), फ्रीसिंकवाला, म्हंजे व्हीआरआरवाला: कार्डाची फ्रेम येईन तसा पडदा रंगवते. बाकी मशीन जुनीच: रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. केबल डिस्प्लेपोर्टची हाय, ग्राफिक्स कार्डातच खोसली हाय, मदरबोर्डात नाई. विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधी १६५ निवडलं हाय. मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधी जी-सिंक (व्हीआरआरचं एनव्हिडियावालं नाव) चालू.

चित्र फाटणं पार बंद झालं, पाहाले लय मस्त. पण वॅलोरंट (गोळीबाराचा ऑनलाइन गेम) खेळताना निशाणा मागून येऊन राहिला असं वाटते. हात थांबते, मंग क्रॉसहेअर थांबते. जुन्या ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर हात हलका होता, खोटं नाई सांगत. भाऊ म्हणते पैसे पाण्यात गेले. गाड्या पळवायच्या मोठ्या गेममधी तर अजूनच जड. हे व्हीआरआरमुळं होते का?

हेडशॉट_मोर्शी

होते. जी-सिंक बंद, व्ही-सिंक बंद, फ्रेमा मोकळ्या सोड. विषय संपला. निशाण्याच्या गेममधी चित्र फाटलं तं फाटू दे, कोण पाह्यते.

वरुडचं_संत्रं

पहिले पिंग (सर्व्हरपर्यंत जायाचा-याचा वेळ) पाह्य ना भाऊ. आमच्याकडे संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली का पिंग कुठच्या कुठं जाते. आन् व्होल्टेज बी पाह्य. शिवारातले मोटरपंप सुरू झाले का माझा माऊस जड होते, हे मी शंभर टक्के सांगतो.

अकोटचा_मिस्त्री

थांबा रे पोट्टेहो, मशीन न पाहता गोळ्या देऊ नका.

बोंडअळी, पिंगचा प्रश्न एका मिनिटात निकाली काढ. वॅलोरंटच्या सराव मैदानात जा, तिथं कोणी विरोधक नाही. माऊस डावी-उजवीकडे झटक्यानं हलव. पिंग खराब असला तर मारलेली गोळी उशिरा लागेल, समोरचा माणूस उड्या मारत दिसेल, पण नजर फिरवायला सर्व्हरला विचारावं लागत नाही. ती तुझ्याच मशीनवर फिरते. सरावातही जड वाटत असेल तर दोष माऊसपासून पडद्यापर्यंतच्या रस्त्यात आहे.

आता एवढं सांग. एक, वॅलोरंटमध्ये फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं) किती दिसतो आणि तो हलतो का? दोन, व्ही-सिंक कुठे चालू आहे, गेममध्ये का कंट्रोल पॅनलमध्ये? तीन, मोठ्या गेममध्ये कार्डाचा वापर किती टक्के दाखवतो? चार, रिफ्लेक्स चालू आहे का? आणि जुन्या मॉनिटरवर व्ही-सिंक काय होतं?

बोंडअळी

मिस्त्रीकाका, सरावात बी जडच हाय. फ्रेमचा आकडा १६५ वर खिळला हाय, जरा बी हलत नाई. व्ही-सिंक कंट्रोल पॅनलमधी चालू, एका व्हिडिओत तसं सांगतलं होतं. मोठ्या गेममधी ७० ते ८० फ्रेमा, कार्ड ९९ टक्के. रिफ्लेक्स बंद हाय, ते काय असते मले माहीत नाई. जुन्यावर व्ही-सिंक बंदच राहे, वॅलोरंट २०० च्या वर पळे.

अकोटचा_मिस्त्री

मग कोडं सुटलं. तुला दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींत व्हीआरआरचा दोष नाही. निवांत वाचा, लांब लिहितो.

आधी व्हीआरआर करतो काय ते. साध्या मॉनिटरची पडदा रंगवायची वेळ ठरलेली असते. ६० हर्ट्झचा असेल तर दर १६.७ मिलीसेकंदांनी, १६५ चा असेल तर दर ६.०६ मिलीसेकंदांनी. कार्डाची फ्रेम मधेच तयार झाली तर दोनच वाटा. व्ही-सिंक चालू असेल तर ती पुढच्या वेळेची वाट पाहत बसते. बंद असेल तर अर्ध्या रंगलेल्या पडद्यावर मधूनच घुसते, तेच चित्र फाटणं. व्हीआरआरमध्ये उलटं होतं. मॉनिटर कार्डासाठी थांबतो आणि फ्रेम आली की रंगवायला घेतो. म्हणजे व्हीआरआर ती वाट पाहणं काढून टाकतो, वाढवत नाही. आणखी एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. १६५ च्या मॉनिटरवर गेम ६० फ्रेमनी चालला तरी प्रत्येक फ्रेम वरून खालपर्यंत रंगवायला साधारण ६ मिलीसेकंदच लागतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला त्याच कामाला १६ लागतात.

पण ही जादू मॉनिटरच्या हद्दीतच चालते. तुझी वरची हद्द १६५. वॅलोरंट तुझ्या कार्डावर २०० च्या वर पळू शकतो. व्ही-सिंक चालू असल्यानं तो १६५ ला जाऊन धडकतो, आणि धडकला की व्हीआरआर संपला, जुनं व्ही-सिंक सुरू झालं. तयार फ्रेम परत वाट पाहत बसते, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. तुझा आकडा १६५ वर खिळला आहे ते सुख नाही, तीच खूण आहे.

हे आमच्या अकोटच्या जिनिंगसमोर दर हंगामात दिसतं. जिनची क्षमता ठरलेली. गाड्या तेवढ्याच आल्या तर आला तो कापूस लगेच मापात. जास्त आल्या की रस्त्याच्या कडेनं रांग लागते. जिन दिवसभर तेवढाच कापूस ओढतो, पण शेवटच्या गाडीतला कापूस काल वेचलेला असतो. तुझ्या पडद्यावरची फ्रेमही तशी शिळी आहे. माऊस हलवला तेव्हाची नाही, दोन-तीन फ्रेम आधीची.

उपाय एकच: गाड्या घरूनच मोजून सोडायच्या. फ्रेम लिमिट लाव, १६५ च्या थोडं खाली. १५८ ठेव.

मोठ्या गेममध्ये रांग दुसऱ्या दारात आहे. तिथं तू १६५ च्या जवळपासही नाहीस, ७०-८० वर आहेस, पण कार्ड ९९ टक्के. प्रोसेसर पुढच्या फ्रेमांचं काम करून कार्डाच्या दारात उभा राहतो. ७५ फ्रेमला एक फ्रेम १३.३ मिलीसेकंदांची होते. दोन फ्रेमा रांगेत असतील तर २६ मिलीसेकंद तिथेच गेले, आणि मॉनिटर कितीही भारी असो, तो यात काही करू शकत नाही. तिथंही लिमिटच लावायचं, पण मॉनिटर पाहून नाही, कार्ड पाहून. गेममधल्या सगळ्यात जड जागी कार्ड ९० ते ९५ टक्क्यांवर राहील एवढं. तुझ्या आकड्यांवरून ६५ ने सुरुवात कर.

७५ चा जुना मॉनिटर हलका का वाटायचा? व्ही-सिंक बंद, २०० फ्रेमा, रांग कुठेच नाही. चित्र फाटत होतं, पण ताजं होतं.

बोंडअळी

काका, १६५ हर्ट्झचे पैसे मोजले आन् १५८ च वापरायचे? भावाले हे सांगतलं तं तो मॉनिटर वावरात नेऊन ठेवीन.

आर्वी_ते_हिंजवडी

भावाला गणित दाखव. १६५ फ्रेमला एक फ्रेम ६.०६ मिलीसेकंदांची, १५८ ला ६.३३ ची. सात फ्रेमा सोडून तू पाव मिलीसेकंद गमावलास. छताला धडकल्यावर जी एकेक फ्रेम रांगेत अडकते ती सहा मिलीसेकंदांची असते. सौदा वाईट नाही.

१५८ कुठून आले तेही सांगतो, कारण जो तो तीन फ्रेम खाली ठेवा म्हणतो. तीन हा किमान आकडा. फ्रेमा एकसारख्या वेळानं येत नाहीत, एखादी लवकर येते आणि तेवढ्यापुरती हद्द ओलांडते. जितके हर्ट्झ जास्त तितकी मोकळी जागा जास्त लागते. लोकांनी रिफ्लेक्सचं वागणं पाहून सूत्र काढलं आहे: हर्ट्झचा वर्ग करा, ३६०० नं भागा, आलेला आकडा हर्ट्झमधून वजा करा. १४४ ला १३८ येतात, १६५ ला १५७ च्या वर, २४० ला २२४.

आता रिफ्लेक्सबद्दल. ते एनव्हिडियाचं लॅग कमी करायचं तंत्र, सप्टेंबर २०२० मध्ये आलं आणि जीटीएक्स ९०० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर चालतं, म्हणजे तुझ्या १६६० सुपरवरही. गेमच्या आतूनच प्रोसेसरला थोपवून धरतं आणि कार्ड मोकळं व्हायच्या बेतात असताना पुढच्या फ्रेमचं काम सुरू करायला लावतं. त्यामुळे माऊसची नोंद शेवटच्या क्षणी घेतली जाते. मिस्त्रीकाका म्हणतात ती कार्डाच्या दारातली रांग ते बहुतांशी स्वतःच मोडतं. शिवाय जी-सिंक आणि कंट्रोल पॅनलचं व्ही-सिंक चालू असेल तर वरच्या हद्दीचं लिमिटही आपोआप लावतं. वॅलोरंटमध्ये रिफ्लेक्स आहेच. चालू कर आणि आकडा पाहा, १६५ सोडून १५८ च्या आसपास येईल. आला तर वेगळं लिमिट लावायची गरजच नाही.

ज्या गेममध्ये रिफ्लेक्स नाही तिथं कंट्रोल पॅनलमधला लो लेटन्सी मोड आहे, ऑगस्ट २०१९ पासून. तो रिफ्लेक्सइतका हुशार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

हेडशॉट_मोर्शी

तुम्ही सगळे मिळून व्ही-सिंक चालू ठेवा म्हणून राहिले. व्ही-सिंक म्हणजे लॅग हे शेंबडं पोट्टं बी सांगते. माझा १४४ चा मॉनिटर हाय, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक) मधी सगळं बंद ठेवतो, २५० च्या वर फ्रेमा, हात मक्खन चालते. मोजून पाहा मंग बोला.

अकोटचा_मिस्त्री

तुझं तुझ्यापुरतं बरोबर आहे, मी नाही म्हणणार नाही. मॉनिटरच्या दुपटीच्या आसपास फ्रेमा निघत असतील तर सगळं बंद ठेवून मोकळं सोडल्यावर लॅग सगळ्यात कमी मिळतो, कारण पडदा अर्धा रंगलेला असतानाच खालच्या भागात नवी फ्रेम घुसते. चित्र फाटतं, पण फाटलेला तुकडा ताजा असतो. पैशाची स्पर्धा खेळणारा हेच करेल.

पण फरक किती? लिमिटच्या आत चालणारा व्हीआरआर आणि तुझं सगळं बंद, यांत काही थोड्या मिलीसेकंदांचा. छताला धडकलेलं व्ही-सिंक आणि तुझं सगळं बंद, यांतला फरक खरा मोठा. तू दुसरा फरक पाहिलास आणि खापर पहिल्यावर फोडलंस. शिवाय बोंडअळीच्या मोठ्या गेममध्ये ७५ फ्रेमा आहेत. तिथं सगळं बंद केलं तर चित्रही फाटेल आणि कार्ड ९९ टक्क्यांवर राहून लॅगही तसाच राहील.

आर्वी_ते_हिंजवडी

व्ही-सिंकबद्दल एवढंच जोडतो. जी-सिंक चालू असताना फ्रेमा हद्दीच्या आत असतील तर कंट्रोल पॅनलचं व्ही-सिंक जवळजवळ झोपलेलं असतं. एखादी फ्रेम वेळेच्या आधी आली तरच ते जागं होतं आणि पडद्याच्या तळाशी दिसणारी बारीक फाट थांबवतं. गेमच्या मेनूतलं व्ही-सिंक मात्र बंदच ठेवायचं. काही गेम त्यासोबत स्वतःची वेगळी साठवण लावतात. तिथं हेडशॉटभाऊंचं म्हणणं शंभर टक्के लागू.

वरुडचं_संत्रं

माझ्या व्होल्टेजचं कोणीच काही बोलून नाई राहिलं. डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) पंधरा मोटरी चालू झाल्या का लाईट पिवळा पडते, तवाच माऊस जड होते. हा योगायोग कसा असन?

अकोटचा_मिस्त्री

संत्रंभाऊ, तुमच्यासारखे जगभर आहेत. इंग्रजी चर्चांमध्ये घराचं अर्थिंग, शेजाऱ्याचा फ्रिज, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर यांवर लॅगचं खापर फोडणारे पानंच्या पानं लिहितात.

माझं मत सरळ आहे. एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, आत येणारी वीज घेतो आणि १२ व्होल्टची डीसी करून पुढे देतो. व्होल्टेज पडलं तर तो जास्त करंट ओढून १२ चे १२ च ठेवतो, आणि अगदीच जमलं नाही तर मशीन बंद पडते किंवा रिस्टार्ट होते. मधली अशी स्थिती नसते की प्रोसेसर, रॅम, कार्ड सगळं नीट चालू आहे आणि फक्त माऊस आठ मिलीसेकंद उशिरा धावतो आहे.

पण तुम्हाला वाटतं ते उगाच वाटत असेल असंही मी म्हणणार नाही. तुमचा डेस्कटॉप आहे का लॅपटॉप?

वरुडचं_संत्रं

लॅपटॉप. बाहेरचा मॉनिटर जोडला हाय.

अकोटचा_मिस्त्री

मग सापडलं. लाईट फडफडला की चार्जर क्षणभर सुटतो आणि लॅपटॉप बॅटरीवर येतो. बॅटरीवर कार्डाला मिळणारे वॅट एकदम कमी होतात, फ्रेमा पडतात, कार्ड ९९ टक्क्यांवर जातं आणि रांग लागते. मोटर सुरू झाली की कोपऱ्यातल्या चार्जिंगच्या खुणेवर नजर ठेवा. मोटरचा संबंध आहे, पण माऊसशी नाही, चार्जरशी आहे. इन्व्हर्टरची लाईन किंवा बरा स्टॅबिलायझर घ्या.

आणि बाहेरचा मॉनिटर कोणत्या पोर्टाला आहे तेही पाहा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये एक पोर्ट सरळ गेमिंग कार्डाला जोडलेलं असतं, दुसरं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून जातं. दुसऱ्यावर प्रत्येक फ्रेमची एक जास्तीची नक्कल होते, आणि जी-सिंकचा पर्यायच दिसत नाही. पर्याय दिसत नसेल तर पोर्ट बदलून बघा.

वरुडचं_संत्रं

च्यायला. चार्जिंगची खूण खरंच जाऊन-येऊन राहिली. आता मोटर चालू व्हायची वाट पाहत बसतो.

बोंडअळी

मंडळी, करून पाह्यलं. रात्रपाळीची लाईन होती, वावरात मोटर चालू करून आलो आन् बसलो. वॅलोरंटमधी रिफ्लेक्स चालू केलं तसा आकडा १६५ वरून १५७-१५८ वर आला, तुम्ही म्हणाले तसा. आन् माऊस मोकळा झाला. मले वाटलं मनाचेच खेळ असतीन म्हणून भावाले बसवलं, त्याले काही न सांगता चालू-बंद करून देल्लं. तो गेम खेळत नाई, तरी त्याले बी कळलं.

मोठ्या गेममधी ६५ चं लिमिट गेमच्याच मेनूतून लावलं. कार्ड ९२-९३ वर आलं. फ्रेमा कमी झाल्या पण गाडी वळवताना हात आन् गाडी सोबत राहतात. फ्रेमा कमी करून गेम हलका होते हे डोक्यात घुसाले वेळ लागते बाप्पा.

आता हे आकड्यात मोजता येते का? भावाले दाखवाले पाहिजे.

आर्वी_ते_हिंजवडी

फोननं मोज. ज्या फोनमध्ये २४० फ्रेमचा स्लो मोशन आहे त्याची एक फ्रेम ४.१७ मिलीसेकंदांची. माऊसचं बटण आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोन ठेव. सराव मैदानात भिंतीसमोर उभा राहून गोळी झाड. मग व्हिडिओ फ्रेमफ्रेमनं पुढे नेत, बटण खाली बसलं तिथपासून बंदुकीच्या तोंडाशी उजेड दिसला तिथपर्यंत मोज. एका क्लिकवर विश्वास ठेवू नको, पुष्कळ क्लिक घे आणि सरासरी काढ, कारण क्लिक फ्रेमच्या सुरुवातीला पडला का शेवटी, त्यावर आकडा हलतो. फोनमध्ये ९६० लिहिलेलं असेल तर जपून, बऱ्याच फोनांत मधल्या फ्रेमा बनवलेल्या असतात.

मॉनिटरच्या खोक्यावर १ मिलीसेकंद छापलेलं असतं, तो आकडा यात धरू नको. तो ठिपक्याचा रंग बदलायचा वेळ आहे, आणि तोही बहुतेक वेळा ओव्हरड्राईव्ह (रंग झटपट बदलवायची सेटिंग) टोकाला नेऊन मोजलेला.

अकोटचा_मिस्त्री

ओव्हरड्राईव्हचं निघालंच तर, मेनूत तो मधल्या पायरीवर ठेव. टोकाची पायरी १६५ फ्रेमला शोभते, पण व्हीआरआरमध्ये गेम ६५ वर उतरला की तीच पायरी जास्त होते आणि हलत्या वस्तूमागे पांढरट सावली दिसते. ज्या मॉनिटरांत फ्रेमांप्रमाणे ओव्हरड्राईव्ह आपोआप बदलतो ते महाग येतात, तुझ्यात तो नसणार. लॅगशी याचा फार संबंध नाही, डोळ्याला धुरकट दिसतं आणि माणूस त्यालाच लॅग म्हणतो.

आता खरी गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे लोक सांगत नाहीत कारण त्यांना ती लागत नाही. तू हे ६५ चं लिमिट आत्ता, थंडीत ठरवलंस. खोली कशी आहे?

बोंडअळी

टिनाची. उन्हाळ्यात कुलर लावतो.

अकोटचा_मिस्त्री

मग मे महिन्यात हा धागा परत उघडशील, आत्ताच लिहून ठेवतो.

तुझ्या कार्डाच्या पिढीत बहुतेकांना ८३ अंशांची मर्यादा घालून दिलेली असते. तिथं पोचलं की कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. आत्ता रात्री खोलीत १५-१८ अंश असतील, कार्ड आरामात आहे. नवतप्यात अकोला-चंद्रपुराकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली त्याहून वाईट. बाहेरची हवा जितकी तापली, जवळजवळ तितकंच कार्डही तापतं. आत्ता ६५ फ्रेमा ९२ टक्क्यांत काढणारं कार्ड तेव्हा वेग कमी करेल, त्याच ६५ साठी त्याला ९९ टक्के लागतील, आणि रांग परत सुरू. आकडा ६३-६५ च दिसेल, म्हणून तुला कळणारही नाही काय बदललं. माझ्या दुकानात दर उन्हाळ्यात पोट्टे येतात, काका माऊस खराब झाला म्हणतात. माऊस धडधाकट असतो. मी पंख्यात अडकलेला कापसाचा तंतू काढतो, थर्मल पेस्ट बदलतो, लिमिट खाली आणतो, माऊस बरा होतो.

म्हणून आपल्याकडे लिमिट मे महिन्याच्या दुपारी ठरवायचं. ते जमत नसेल तर आतापासूनच हात आखडता ठेव, ६० कर. किंवा ६५ ठेव आणि सावल्यांची, परावर्तनाची सेटिंग एक पायरी उतरव. आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (किती वीज ओढायची ती मर्यादा) थोडी खाली ओढली तर फ्रेमा फारशा जात नाहीत, उष्णता मात्र चांगलीच कमी होते. लिमिटमुळेही तेच होतं. कार्ड उगाच पूर्ण ताकदीनं पळत नाही, इन्व्हर्टरवर असशील तर बॅटरीही जास्त टिकते.

आणि कुलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नको. ती हवा गार असते पण ओली असते, आणि आपली धूळ तिच्यासोबत आत जाऊन बसते. ओल्या धुळीचा थर पंख्यावर जमला की फुंकूनही निघत नाही.

हेडशॉट_मोर्शी

हे मात्र मानलं काका. मागच्या मे महिन्यात माझ्या फ्रेमा २५० वरून १८० वर आल्या होत्या, मले वाटलं अपडेटनं घोळ केला.

धामणगावचे_गुर्जी

नमस्कार. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मुलगा ४३ इंची टीव्हीवर लॅपटॉप जोडून फुटबॉलचा गेम खेळतो. त्याची तक्रार अशी की बटण दाबल्यावर खेळाडू फार उशिरा लाथ मारतो. टीव्ही ६० हर्ट्झचा आहे, व्हीआरआर वगैरे काही नाही. वरचं सगळं आम्हाला लागू होतं का?

आर्वी_ते_हिंजवडी

गुर्जी, तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. टीव्ही चित्र सुंदर दिसावं म्हणून प्रत्येक फ्रेमवर स्वतःची प्रक्रिया करतो आणि त्यात सहज दहा-वीस मिलीसेकंद किंवा जास्त जातात, काही टीव्हींत शंभरच्याही वर. चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू करा. हालचाल मऊ करणारा पर्याय बंद करा. एचडीएमआयच्या नावात पीसी निवडायची सोय असेल तर तेही करा. मुलाला फरक तिथल्या तिथे कळेल. हातातला कंट्रोलर ब्लूटूथचा असेल तर एकदा वायर लावूनही पाहायला सांगा.

धामणगावचे_गुर्जी

गेम मोड सापडला. पोरगं आता जेवायलाच उठत नाही, हा उपाय सांगायचा राहिला तुमचा.

पुसदी_झटका

सगळं वाचलं. माझ्याकडे एएमडीचं कार्ड हाय, आरएक्स ६६००. आमच्यासाठी काय?

आर्वी_ते_हिंजवडी

तत्त्व तेच. एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये अँटी-लॅग आहे, २०१९ पासून. तो कार्ड ९९ टक्क्यांवर असतानाच उपयोगी पडतो. लिमिट मात्र हातानं लावावं लागेल. गेममध्येच लिमिट असेल तर ते पहिलं, कारण गेम माऊस वाचायच्या आधीच थांबतो. नसेल तर आरटीएसएस, म्हणजे फ्रेम लिमिट लावायचं वेगळं सॉफ्टवेअर. त्याच्या फ्रेमा फार एकसारख्या येतात, पण गेममधल्या लिमिटपेक्षा लॅग फ्रेमभर जास्त असू शकतो.

ऑनलाइन गेममध्ये बाहेरून आलेलं कोणतंही लॅग-कमी-करा सॉफ्टवेअर घालू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द एएमडीच्या अँटी-लॅग प्लसनं सीएस २ च्या कोडमध्ये हात घातला म्हणून खेळाडूंवर बंदी आली होती, आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. पुढे अँटी-लॅग २ आलं ते गेम बनवणाऱ्यांनी स्वतः आत बसवायचं असतं, त्याला धोका नाही. अधिकृत कंपनीचं हे झालं, तर कुठूनतरी उतरवलेल्या फाईलचं काय होईल?

फ्रेम जनरेशनचाही मोह आवरा. आकडा दुप्पट दिसतो, पण दोन खऱ्या फ्रेमांमधली फ्रेम बनवायला दुसरी खरी फ्रेम हाती यावी लागते, तोवर सगळं थांबतं. चित्र मऊ दिसतं आणि हात जड होतो.

पुसदी_झटका

मॉनिटर अजून घेतला नाई. एक ७५ हर्ट्झचा फ्रीसिंकवाला स्वस्तात मिळून राहिला. घेऊ का?

अकोटचा_मिस्त्री

त्याची फ्रीसिंकची हद्द विचार. ४८ ते ७५ असेल तर सोडून दे. फ्रेमा ४८ च्या खाली गेल्या की मॉनिटरला तीच फ्रेम दोनदा दाखवून हद्दीत राहावं लागतं. ४० फ्रेमा असतील तर ८० हर्ट्झवर चालायचं. ७५ च्या मॉनिटरला ८० जमत नाही, म्हणून तिथं व्हीआरआर सुटतो आणि फाटणं किंवा अडकणं परत येतं. वरची हद्द खालच्या हद्दीच्या दुपटीहून बरीच जास्त हवी. ४८ ते १४४ मध्ये ते निभतं. आता १०० आणि १४४ हर्ट्झच्या किमतीत फार अंतर राहिलेलं नाही, थोडे दिवस थांब आणि १४४ चाच घे. जुना विकत घेत असशील तर दुकानातच लावून, विंडोजमध्ये १४४ निवडून, मेनूत फ्रीसिंक चालू करून बघ. खोक्यावरच्या छपाईवर जाऊ नको.

बोंडअळी

फोननं मोजलं. व्ही-सिंक चालू, रिफ्लेक्स बंद, आकडा १६५ वर खिळलेला, त्याच्यात क्लिकपासून उजेडापर्यंत जेवढ्या फोनच्या फ्रेमा भरत होत्या त्याच्यापेक्षा रिफ्लेक्स चालू केल्यावर बऱ्याच कमी भरल्या, दरवेळेस कमीच. सगळं बंद करून मोकळं सोडलं, हेडशॉटभाऊसारखं, तं अजून थोडक्या कमी. पण तो फरक मले हाताले कळला नाई, व्हिडिओ पाहूनच कळला. म्हणून मी जी-सिंक चालूच ठेवून राहिलो.

मोठ्या गेमचं लिमिट ६० वर आणलं. कॅबिनेट उघडून पाह्यलं तं पंख्यात खरंच कापसाचा तंतू निघाला, मूठभर.

हेडशॉट_मोर्शी

थोडक्या कमी म्हणजे किती, आकडा टाक ना बे. व्हिडिओ टाक.

बोंडअळी

व्हिडिओत भाऊ मांगून शिव्या देऊन राहिला, आवाज काढून टाकतो.